सगुणेचा तोडा आणि कोपरीची गोड विहीर

मुक्काम कोपरी, ठाणे
शके १८०७, भाद्रपद वद्य सप्तमी

राजमान्य राजेश्री मोरूदादा, मुक्काम कल्याण, यांसी कोपरीहून आपल्या बहिणीचा नवरा गोमाजी धाकू याचा दोन्ही हात जोडून रामराम. आपली प्रकृती, वहिनींची कंबर, भाताच्या गाड्या आणि त्या ओढणारे बैल हे सर्व आपापल्या जागी सुखरूप असतील अशी आशा करतो. इकडे आई आवडाबाई ठीक आहे, म्हैस ठीक आहे, मिठागराच्या बांधाला पावसाने दोन खिंडारे पाडली तीही पाऊस सरला की ठीक होतील. मी ठीक नाही, पण ते ओघाने येईलच. (पत्र वाचून दाखवणारे मधु मास्तर यांना वेगळा रामराम. मास्तर, आपण दादांच्या ओटीवर बसून पत्र वाचता तेव्हा आतल्या दाराआड कोण उभे असते हे आपणही जाणता. म्हणून मी कंसात जिथे ‘हळू’ असे घातले आहे तिथून पुढे कंस संपेपर्यंत आवाज दादांच्या कानापुरता ठेवावा, आणि जिथे ‘मोठ्याने’ घातले आहे तिथे पोरांकडून पाढे म्हणवून घेता तसा काढावा. एवढी मेहेरबानी करावी.)

विशेष हे की, सगुणा आपल्याकडे आल्याला आज तेरा दिवस झाले. येताना तिने डब्यात एक तोडा आणला आणि त्याच्या जोडीदाराविषयी जे काही सांगितले ते तीन तोंडे फिरून माझ्यापर्यंत आले आहे. कोणी म्हणते मी तो ताडीच्या मांडवात ठेवला, कोणी म्हणते ठाण्याच्या सराफाला दिला, आणि वहिनींचे म्हणणे असे कळले की मेल्याने तो खाल्ला असेल. हे तिन्ही खोटे आहे. मी तो विरघळवला. विरघळवणे आणि खाणे यांत फरक आहे आणि तो समजावून सांगायलाच मी हा दौतभर शाईचा खर्च करीत आहे. जाताना ती उंबऱ्याबाहेर उभी राहून एवढेच म्हणाली, “दोनी पायांत दोन तोडे असतील तवाच ह्या उंबऱ्याला पाय लावीन, नायतर नाय.” आणि गेली. आता घट बसायला आठ दिवस राहिले. त्याच्या आत ती घरी यावी, दुसरे मला काही नको.

दादा, आपल्याला माझी नोकरी नीट ठाऊक नाही. लग्न जमवताना आमच्या काकांनी ‘पोर साहेबाकडे मोठ्या हुद्द्यावर आहे’ असे सांगितले होते. तो हुद्दा बाटल्या धुण्याचा आहे. खाडीच्या अंगाला एका जुन्या बंगल्यात एक म्हातारा साहेब राहतो. पलटणीत डाक्टर होता. पेन्शन झाल्यावर विलायतेला गेला नाही (तिथे थंडी फार आणि आपले ऐकून घेणारे थोडे, असे तो म्हणतो) आणि मागच्या खोलीत प्रयोगशाळा मांडून बसला. व्यापारी त्याच्याकडे मिठाचे नमुने पाठवतात. साहेब त्या मिठाचे पाणी करतो, त्यात रुप्याचे पाणी थेंबाथेंबाने सोडतो, पेल्यात दह्यासारख्या पांढऱ्या गुठळ्या होतात, आणि किती थेंब लागले यावरून खरे मीठ किती आणि वाळू किती हे तो सांगतो. मग तो पेला माझ्याकडे येतो आणि मी तो मोरीत ओततो. आता रुप्याचे पाणी म्हणजे दुसरे काही नाही, शोऱ्याच्या तेजाबात विरघळवलेली चांदी. ज्या मिठापायी आमच्या बापजाद्यांच्या पाठी भाजल्या त्याची पारख करायला साहेब रोज चांदी ओततो आणि मी ती मोरीतून खाडीला पाजतो. आठ वर्षे मी हे करीत आहे. पहिली सात वर्षे समाधानाने केले, कारण मला ठाऊक नव्हते. (हे पाणी बोटाला लागले आणि त्यावर उजेड पडला की बोट काळे होते, आणि ते काळेपण रिठ्याने जात नाही, राखेने जात नाही, कातडी बदलेल तेव्हाच जाते. आपण मला पाहायला आलात तेव्हा माझे हात बघून ‘छापखान्यात असता काय’ असे विचारले होते, तो हाच डाग.)

गेल्या वैशाखात साहेबाने मला एक गंमत दाखवली. त्याने एका नळकांड्यात माती भरली, वरून घोड्याच्या तबेल्यातले उग्र वासाचे पाणी ओतले, आणि खालून जे आले त्याला वास नव्हता. तो म्हणाला, विलायतेतल्या शेतकीच्या पंडितांनी हे तीस वर्षांपूर्वी शोधून काढले आहे; माती नुसती गाळत नाही, ती अदलाबदल करते. पाण्यातला खार आपल्याजवळ ठेवून घेते आणि त्याच्या बदल्यात आपल्यातला चुना पाण्याला देते, फुकट काही घेत नाही आणि फुकट काही देत नाही. साहेबाला वाटले की मला हे समजायला जड जाईल. दादा, मला ते त्याच्या आधी समजले. आमचा बाप गाडीभर मीठ घेऊन वर घाटाखालच्या गावांत जायचा, दारोदार पायलीने मीठ टाकायचा आणि बदल्यात भात घेऊन यायचा. गाडी जाताना भरलेली आणि येतानाही भरलेली. माती म्हणजे तीच गाडी. मी साहेबाला विचारले, हीच माती मोरीच्या तोंडाशी बसवली तर ती चांदी धरील काय? साहेब चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाला, धरील. आणि मग त्याच मातीवर जालीम तेजाब ओतला तर ती चांदी सोडूनही देईल. पण कोणतीही रीत आधी मापाने पारखावी. मोजून चांदी घालावी, मोजून बाहेर काढावी, वजनाचे भरते बरोबर आले तर रीत खरी. असे म्हणून तो जेवायला गेला.

आता मोजून चांदी कोपरीत कोणाकडे असते? मिठागरवाल्याच्या घरात तराजूवर चढेल अशी चांदी एकाच ठिकाणी असते. सगुणेचे तोडे आपल्या वडिलांनी कल्याणच्या सोनाराकडून वजन लिहून घेऊन केले होते, त्याची चिठीसुद्धा डब्यात आहे. मी तिला विचारून घेतला असता. (हळू: विचारले नाही. ती पाण्याला गेली होती तेव्हा डबा उघडला. संध्याकाळपर्यंत तोडा होता त्याहून उजळ करून परत ठेवायचा आणि मग सगळे सांगायचे असा माझा बेत होता. तिचे तोंड कसे फुलेल ते मी दोन दिवस मनात बघत होतो.) पाचच तोळ्यांचा तोडा, पण तेजाबात पडल्यावर असा फसफसला की विहिरीवरची म्हैस दावे तोडून पळाली. धूर गेला तेव्हा भांड्यात निळसर पाणी होते. निळे पाहून मी घाबरलो नाही. साहेबाकडे राहून मला माहीत झाले आहे की निळे ते तांबे. (याचा अर्थ कल्याणच्या सोनाराने चांदीत तांबे घातले होते. हे सोनाराला सांगावे, सगुणेला सांगू नये.)

मातीविषयी मी हयगय केली नाही. तळ्याकाठची पांढरी चिकण माती आणली, वस्त्रगाळ केली, आणि आमच्या विहिरीच्या गोड पाण्याने सात वेळा धुतली. या विहिरीचे कोपरीला केवढे भूषण आहे हे आपण जाणताच. चहूकडे मिठागरे आणि मध्ये ही गोड पाण्याची विहीर, असे आमच्याकडे आल्यागेल्याला सांगतात आणि मग त्याला तांब्याभर पाजतात. कल्याणहून लग्न होऊन आल्यावर दुसऱ्याच दिवशी सगुणेने पहिला घोट घेतला आणि आमच्या आईला विचारले, “आत्ये, यात कोनी मीठ टाकलंय का?” त्याला सात वर्षे झाली, पण आई त्या प्रश्नातून अजून बाहेर आलेली नाही. आम्ही सर्वांनी तेव्हा तिला समजावले की माहेर सुटलेल्या मुलीला पहिले काही दिवस सगळेच खारट लागते. असो. तर ती धुतलेली माती तळाला भोक पाडलेल्या रांजणात भरली आणि तोड्याचे पाणी पातळ करून वरून सोडले. खालून आलेल्या पाण्यात मिठाची चिमूट टाकून पाहिली. एक गुठळी झाली नाही. म्हणजे सगळी चांदी मातीने धरली होती. दादा, त्या दिवशी मी अंगणात एकटाच उभा राहून हसलो. बाटल्या धुणाऱ्याने विलायतेच्या पंडिताची रीत चांदीवर चालवून दाखवली होती.

दुसऱ्या दिवशी ती चांदी परत मागायला बसलो. तेजाब ओतला, खालून आलेल्या पाण्यात मीठ टाकले. काही नाही. आणखी ओतला. काही नाही. आठ दिवस मी त्या मातीची मनधरणी केली, साहेबाची अर्धी बाटली संपवली (साहेबाला ती उडून गेली असे सांगितले, आणि त्याने ते वहीत लिहून ठेवले), शेवटी सारा तेजाब पाण्याने धुऊन काढला, पण माती तोडा द्यायला तयार होईना. वडिलांच्या मीठगाडीचा हिशेब इथे उलटा पडला. गाडी भात घेऊन आली आणि आता कोणालाच उतरवून देत नव्हती. तोवर श्रावण संपत आला होता. मी रांजण परसात ठेवला, उजेड लागू नये म्हणून वर गोणपाट टाकले आणि सगुणेला सांगितले की तोडा उजळायला दिला आहे. हे खोटे नव्हते, उजळणारा मीच होतो.

आता जे घडले त्यात आईचा दोष नाही, आणि म्हणूनच ते मला अधिक झोंबते. आमच्याकडे गणपतीची मूर्ती विकत आणत नाहीत. घरची माती भिवा कुंभाराकडे द्यायची, त्याने मूर्ती करायची, रंग लावायचा नाही, फक्त डोळे आणि गंध. ही आमच्या आजोबांपासूनची रीत. हरताळकेच्या आदल्या दिवशी मी बंगल्यावर असताना आईने परसात गोणपाट उचलले आणि तिला लोण्यासारखी मऊ, पांढरी, सात वेळा धुतलेली माती दिसली. तिला वाटले, पोराला यंदा देवाची आठवण झाली. (हळू: तिने हे शेजारणीला सांगितले तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. तिला खरे सांगायची छाती मला झाली नाही, अजून होत नाही.) मी घरी आलो तेव्हा रांजण पालथा होता आणि भिवाच्या पडवीच्या अंधारात माझ्या पाच तोळ्यांना सोंड फुटली होती. मी म्हटले, ही माती वेगळी आहे, दुसरी देतो. भिवा म्हणाला, “गोमाजी, अशी माती माझ्या बापानं पायली नाय. आता मोडू काय? देव हाय तो.” त्याची बोटे तेवढ्यातच काळी पडू लागली होती, पण कुंभाराच्या बोटांकडे कोण बघतो?

चतुर्थीला प्राणप्रतिष्ठा झाली. देव्हारा पूर्वेच्या दाराजवळ, तिथे सकाळचा उजेड येतो. दुपारपर्यंत मूर्ती उजव्या गालावर जांभळट झाली, संध्याकाळी करडी, दुसऱ्या दिवशी दाराकडची अर्धी बाजू तव्यासारखी काळी आणि भिंतीकडची अर्धी दुधासारखी गोरी. आरतीसाठी हार काढला तर हाराखालची जागा पांढरीच, फुलान् फूल उमटलेले. पोटावर दुर्वांच्या जुडीचा ठसा. आईने किंकाळी फोडली नाही, ती लोटांगण घालून पडली ती उठेना. तासाभरात सगळी कोपरी आमच्या अंगणात, दुसऱ्या दिवशी ठाणे, तिसऱ्या दिवशी आगगाडीने मुलुंडपासूनचे लोक. काळुराम पाटलांनी सांगितले की हा आगगाडीच्या धुराचा परिणाम आहे, देवाला तो कधीच आवडला नव्हता. ठाण्याहून भटजी आले. त्यांनी डोळे मिटून सांगितले की देव अर्धा काळा झाला याचा अर्थ गावाने अर्धेच पाप केले आहे, उरलेले अर्धे होण्याच्या आत ब्राह्मणभोजन घालावे. वाचनालयातला एक विचारी तरुण छत्री घेऊन आला आणि हे सर्व समईचे काजळ आहे असे त्याने जमलेल्यांना समजावून दिले. मग खिशातला रुमाल काढून देवाचा गाल पुसला. काळे निघाले नाही. पुन्हा पुसला. मग रुमाल खिशात घालून त्याने हात जोडले, प्रसाद घेतला आणि छत्री विसरून गेला. (छत्री आमच्याकडे आहे, ओळख पटवून न्यावी.) या सगळ्या गर्दीत काळे का झाले हे जाणणारा माणूस एकच होता आणि तो पाणी वाटत फिरत होता. उजेडाने चांदी काळी पडते एवढे चार शब्द मी बोललो असतो तर पुढचा प्रश्न हाच आला असता की गणपतीत चांदी कोणाची.

तो प्रश्न एकीनेच विचारला. सगुणेने माझी बोटे बघितली, भिवाची बोटे बघितली, देवाचा गाल बघितला, परसात जाऊन पालथा रांजण बघितला, आणि आत येऊन डबा उघडला. सातवीपर्यंत शिकलेल्या माझ्यासारख्याला जे समजावयाला आठ वर्षे लागली ते त्या बाईला एका फेरीत समजले. मग विसर्जनापर्यंत ती रोज पहाटे उठून देवापुढे बसायची. एकदा मी शेजारी जाऊन बसलो तेव्हा मूर्तीवरची नजर न काढता म्हणाली, “मी हात देवाला जोडतंय का माझ्या तोड्याला, मनाच कलत नाय.” दादा, मला तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते.

पाचव्या दिवशी विसर्जन. मी काय काय केले नाही! आधी म्हटले, यंदा अकरा दिवस ठेवू. आई म्हणाली, चाल मोडत नाहीत. मग म्हटले, खाडीत नको, घरीच घंगाळात बुडवू, देव एवढा जागृत आहे तर घरातच राहू दे. काळुराम पाटील म्हणाले, याला साहेबाचे वारे लागले. शेवटी डोक्यावर पाट घेऊन मीच निघालो. मागे दोनशे माणसे, झांजा, आणि बाजूला सगुणा. खाडीला ओहोटी लागली होती. तिसऱ्या बुडीला मूर्ती हातातून सुटली आणि मी तिच्यामागे उडी घातली. मला वाटले होते, तळाशी बसण्याच्या आत निदान काळी बाजू तरी हाती लागेल. हाती लागला तो खाडीचा गाळ. गुडघाभर चिखलात मी चार हातपायांवर चाचपडत होतो, तोंडाने ‘दे रे, दे रे परत’ असे निघत होते, आणि काठावरच्या लोकांना वाटले की याच्या अंगात आले. बाहेर ओढल्याबरोबर आयाबायांनी माझ्या कपाळाला हळदकुंकू फासले आणि विचारू लागल्या, यंदा मीठ कसे पडेल, सुनेला मूल कधी होईल. मी अंग सोडवत सांगितले, “मना सोडा.” त्याचा अर्थ लावायला अजूनही काळुराम पाटलांच्या ओटीवर बैठका बसत आहेत. दुसऱ्या सकाळी सगुणा कल्याणला निघून आली.

त्यानंतर मी साहेबाला सर्व कबूल केले. मला वाटले नोकरी जाईल. साहेबाने तोड्याविषयी एक अक्षर काढले नाही. त्याला दुःख झाले ते हे की मूर्ती न तोलता बुडवली. मग त्याने विचारले, माती कोणत्या पाण्याने धुतलीस? मी मान वर करून सांगितले, आमच्या गोड विहिरीच्या. साहेबाने मला घरी पाठवून तांब्याभर पाणी आणवले, पेल्यात ओतले आणि रुप्याच्या पाण्याचा एक थेंब सोडला. दादा, पेल्यात दही लागले. मिठागराच्या पाण्यात जितके लागते त्याच्या थोडे खाली, एवढेच. आमच्या विहिरीतले मीठ मातीत राहिले होते, त्याने चांदीला तिथल्या तिथे दही करून मातीच्या कणाकणात गोठवले, आणि ते दही तेजाबाला दाद देत नाही. ते सोडवायचे तर अमोनियाचे पाणी लागते, घटकाभराचे काम. त्या पाण्याची बाटली प्रयोगशाळेत आठ वर्षे मीच रोज पुसून ठेवतो. ज्याच्या सात पिढ्या मीठ पिकवत आल्या, तो माणूस मीठ ओळखायला चुकला, कारण त्याच्या जिभेला त्याखेरीज दुसरी चवच माहीत नव्हती. साहेब उठून मोरीच्या तोंडाशी एक बादली ठेवून आला. तेव्हापासून गुठळ्या त्या बादलीत पडतात आणि बादलीला झाकण आहे आणि झाकणाला कुलूप आहे. आठ वर्षांत जे साहेबाला कोणी शिकवले नाही ते माझ्या बायकोच्या तोड्याने शिकवले.

तो पेला मी गावातही दाखवला. काळुराम पाटलांनी पाहून सांगितले की औषध विटाळलेले आहे. मग सर्वांसमक्ष त्यांनी विहिरीचे पाणी तांब्याभर पिऊन गोड असल्याचा निकाल दिला, आणि बाकीच्यांनीही पिऊन पाहिले आणि तोच दिला. (हळू: दादा, मीही प्यालो. मला अजूनही गोडच लागते. पण रात्रंदिवस घरात जेवणाला चव नाही, आई भाकरी टाकते आणि तिकडे बघून मी उठतो. घागरी घेऊन विहिरीवरून येताना सगुणा दारात पाय आपटून चिखल झाडते, तो आवाज मी सात वर्षे ऐकत होतो हे मला आता कळले. मास्तर, हे फारच हळू वाचा.)

तरी दादांनी वडीलकीच्या नात्याने तिची समजूत काढावी. तोडा गेला तो चोरीला गेला नाही, ताडीत गेला नाही, देवाच्या अंगावर गेला, आणि असे भाग्य कल्याणात दुसऱ्या कोणाच्या तोड्याचे नाही. वहिनींना, मुलांना आणि बैलांना रामराम. लहानाच्या चुका पोटात घालाव्यात.

आपला,
गोमाजी धाकू, कोपरी

ता. क. (हळू: पत्राचे मुख्य काम राहिलेच. सगुणेच्या डब्यात दुसरा तोडा आहे. तो सुपारीसारखा फडक्यात बांधून पत्र आणणाऱ्या गोविंदाच्या हाती गुपचूप द्यावा. या वेळी माती पावसाच्या साठवलेल्या पाण्याने धुईन, अमोनियाची बाटली उशाशी ठेवीन आणि रांजणावर आईचा हात पोचू देणार नाही. रीत खरी आहे, पाणी खोटे होते. भरते एकदा बरोबर आलेले बघितल्याशिवाय मला चैन पडायचे नाही. तोडा आठ दिवसांत परत येईल, येणारच.)

ता. क. दुसरा. (मोठ्याने: सगुणा म्हणते ते खरे. आमच्या विहिरीचे पाणी खारट आहे. सात वर्षांपूर्वीही खारट होते. हे मी काल आईसमोर बोललो, आई तेव्हापासून म्हशीशी बोलते, माझ्याशी नाही. सगुणेसाठी मी ठाण्याच्या तळ्यावरून रोज दोन घागरी आणीन, खांद्यावरून, गावाच्या देखत.)

ता. क. तिसरा. गोविंदा गाडी जुंपून दारात उभा आहे. त्याला सहज दादांची खुशाली विचारली तर म्हणतो, दादांना श्रावणापासून कानाने ऐकूच येत नाही, मास्तर एवढ्या मोठ्याने ओरडून वाचतात की समोरच्या भुसार दुकानातली गिऱ्हाइके तोलणे थांबवून ऐकतात. पत्र पुन्हा लिहायला वेळ नाही आणि कागदही नाही. तेव्हा सगुणे, तू सगळे ऐकले आहेस, आणि अर्ध्या कल्याणानेही. आता लपवायचे काही उरले नाही, ये. तो एक तोडा डब्यात ठेवू नकोस, पायात घालून ये. पायातल्या तोड्याला मी कधी हात लावलेला नाही.